जे फॉलोअपला आलेच नाहीत

प्रिय डॉक्टर,

तुझ्या थिसिसचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, परवा रात्री वाचला. कानाचा पडदा बसवताना टेम्पोरॅलिस फॅशिया (कानावरच्या स्नायूचं पातळ आवरण) वापरावा की कार्टिलेज (कानाची कूर्चा), हा विषय तू चांगला निवडलास. आपल्या ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) यादीत दर आठवड्याला येणारा प्रश्न आहे, उसना आणलेला नाही. पण सातव्या पानावर मी अडलो. ऑपरेशननंतर पेशंटला पुन्हा तपासण्याबद्दल 'फॉलोअप : ३ महिने' एवढी एकच ओळ तिथे आहे. हे पत्र मुख्यतः त्या ओळीबद्दल.

माझ्या थिसिसमध्ये ६० कान होते. तीन महिन्यांनी ३९ जण तपासायला आले आणि त्यातल्या ३५ जणांचा पडदा छान बसला होता. मी ३५ला ३९ने भागलं, नव्वद टक्के यश असं लिहिलं, गाईडनी सही केली, परीक्षकांनी कौतुक केलं. उरलेले २१ जण 'लॉस्ट टू फॉलोअप' या तीन शब्दांत संपले. आता तू हिशेब करून बघ. त्या २१ जणांचे सगळे पडदे बसले असतील तर यश ९३ टक्के, एकही बसला नसेल तर ५८. खरा आकडा या दोहोंच्या मधे कुठेही असू शकत होता, आणि मी एकच आकडा छातीठोकपणे मांडला.

दोनेक वर्षांनी एका तालुक्याच्या शिबिरात एक बाई समोर येऊन बसल्या. कानात कापसाचा बोळा. बोळा काढताना कानामागची टाक्यांची रेघ दिसली आणि नाव वाचायच्या आधीच कळलं, या माझ्या पेशंट. पू पुसून घेतला तर खाली पडद्याला भोक, जवळजवळ पूर्वीएवढंच. मी विचारलं, 'मावशी, तपासायला का आला नाहीत?' त्या खाली बघत म्हणाल्या, 'तुम्ही एवढं केलंत आणि कान परत वाहायला लागला. कोणत्या तोंडानं यायचं?'

त्या माझ्या मास्टर चार्टमध्ये, म्हणजे थिसिसच्या नोंदींच्या तक्त्यात, यश म्हणूनही नव्हत्या आणि अपयश म्हणूनही नव्हत्या. माझ्या अपयशाची लाज त्यांनी स्वतःवर घेतली आणि मी त्यांना भागाकारातून वगळलं. हे मला आजही बोचतं.

न येणारे सगळे एकाच कारणाने येत नाहीत असं नाही. कुणाचा कान बरा झालेला असतो, मग एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी कशाला घालवायची? कुणी चिडून दुसऱ्या दवाखान्यात जातो. आणि तुझ्या ओपीडीत तर बीडकडचे ऊसतोड कामगार असतात. पावसाळ्यात ऑपरेशन केलंस की तीन महिन्यांची तारीख ऐन हंगामात पडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, गावी परततात. तुझी तारीख पाळायला तो माणूस कोयता टाकून येणार नाही. म्हणून आत्तापासून प्रत्येक केस पेपरवर तीन फोन नंबर घे : पेशंटचा, गावी मागे राहणाऱ्या माणसाचा आणि मुकादमाचा. मात्र मुकादमाला फोन करायचा तर पेशंटची परवानगी संमतीपत्रातच घेऊन ठेव, आणि फोनवर आजाराचं नाव काढू नकोस. फक्त 'दवाखान्यातून बोलतेय, त्यांना फोन द्या' एवढंच. तीन महिन्यांसोबत बारा महिन्यांची तपासणीही ठेव. तीन महिन्यांना शाबूत दिसलेला पडदा पुढे आत ओढला जातो, पुन्हा फाटतो. कार्टिलेजच्या आड तर आतलं कोलेस्टिॲटोमा (हाड पोखरणारी त्वचेची वाढ) लवकर दिसतही नाही.

दुसरी गोष्ट. 'शक्य झाल्यास रँडमायझेशन', म्हणजे कुणाला फॅशिया आणि कुणाला कार्टिलेज हे नशिबावर सोडणं, असं तू लिहिलंयस. ते 'शक्य झाल्यास' खोडून टाक. मोठं भोक, वाहता कान, दुसऱ्यांदा केलेलं ऑपरेशन, असा अवघड कान समोर आला की आपला हात आपोआप कार्टिलेजकडे जातो. सोप्या कानांना फॅशिया मिळतो. मग शेवटी तुलना होते ती कानांची, ग्राफ्टची, म्हणजे बसवलेल्या तुकड्याची, होतच नाही. पेशंटला समजावताना सरळ 'चिठ्ठी टाकणार आहोत' असं सांग, आपल्या लोकांना चिठ्ठी नीट कळते. आणि त्या चिठ्ठ्यांची पाकिटं जाड, अपारदर्शक घे, नंबर घालून सिस्टरांच्या कपाटात ठेव. साधं पाकीट एक्स-रेच्या व्ह्यूबॉक्ससमोर धरलं की आतलं अक्षर दिसतं. हा मोह चांगल्या मुलांनाही होतो.

तुलनेला दुसरा गट का लागतो हे मला बेल्स पाल्सीच्या (चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडण्याच्या आजाराच्या) स्कॉटलंडमधल्या चाचणीने सर्वांत स्वच्छ शिकवलं. ती २००७ साली प्रसिद्ध झाली, ५५१ पेशंट होते. नऊ महिन्यांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ९४.४ टक्के पूर्ण बरे झाले. पण ज्यांना प्रेडनिसोलोन दिलंच नव्हतं त्यांच्यातलेही ८१.६ टक्के बरे झाले! म्हणजे वाकडं तोंड सरळ करणारा प्रत्येक मालिशवाला दहातल्या आठ वेळा खरा ठरणार. त्याच चाचणीत असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचा वेगळा फायदा दिसला नाही, आणि तोवर ते अनेक ठिकाणी सर्रास लिहिलं जात होतं.

मोजमापाबद्दल थोडंसं. ओटोस्कोपमधून कार्टिलेज पांढरट, जाड दिसतं, त्यामुळे तपासणाऱ्यापासून गट लपवता येणार नाही. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, मात्र लपवता येतो. ऑडिओलॉजिस्टला गट सांगू नकोस आणि तुझी वही त्या खोलीत नेऊ नकोस. खोलीचं दार स्ट्रेचरच्या रस्त्यावर उघडतं, गोंगाट असतो, हे मला माहीत आहे, म्हणून दुपारी ओपीडी ओसरल्यावरची वेळ ठरव. एअर-बोन गॅप (हवेतून आणि हाडातून ऐकण्यातला फरक) ऑपरेशनच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा त्याच फ्रिक्वेन्सींवर काढ. शिवाय पेशंटला विचार की त्याला काय हवं होतं. एका पोराने मला विचारलं होतं, 'आता विहिरीत उडी मारता येईल ना?' माझ्या प्रोफॉर्मात त्या प्रश्नाला रकानाच नव्हता.

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतली नोंदणी पहिल्या पेशंटच्या आधी व्हायला हवी, नंतर नाही. काय मोजणार आणि कधी मोजणार हे तिथे आधीच लिहिलेलं असलं की निकाल बघून प्रश्न बदलता येत नाही.

तू विचारलं होतंस की आपल्यासारख्या कॉलेजातून जगाने दखल घ्यावी असं काम होतं का. परळकडे बघ. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या लसिका ग्रंथी काढायच्या की गाठ येईपर्यंत थांबायचं, यावर सर्जन वर्षानुवर्षं भांडत होते. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं ५९६ पेशंट घेतले. पहिल्या ५०० जणांचा निकाल २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला : तीन वर्षांनी जिवंत असणारे आधीच ग्रंथी काढलेल्या गटात ८० टक्के, थांबलेल्या गटात ६७.५. यात नवं औषध नव्हतं, महागडं यंत्र नव्हतं. तंबाखू-मिश्रीने भरलेल्या आपल्याच ओपीडीतला प्रश्न होता, आणि पेशंटला वर्षानुवर्षं परत बोलावून त्याची मान चाचपणं होतं. ते परत आलेच नसते तर दोन गटांतला हा फरक दिसला नसता.

तुझं टाटा नाही, मला ठाऊक आहे. तुझ्याकडे तीन वर्षं आहेत, त्यातली निम्मी ड्युटीत जातील. म्हणून ६० ऐवजी ४० कान घे म्हणणार होतो, पण चाळिसांत फरक दिसणार नाही. आधी सांख्यिकीच्या मॅडमकडे जा, त्या सांगतील तो आकडा घे. तो झेपत नसेल तर मला सांग, प्रश्न लहान करू, फॉलोअप नाही.

येत्या रविवारी अकरा वाजता घरी ये. सिनॉप्सिस आण, आणि गेल्या वर्षीच्या ओटी रजिस्टरमधून टिम्पॅनोप्लास्टीच्या, म्हणजे पडद्याच्या ऑपरेशनच्या, दहा पेशंटचे नंबर उतरवून आण. दोघं मिळून फोन लावू. दहापैकी किती जण उचलतात ते बघू, मग सातवं पान लिहू.

तुझा,
सर