जनावराचा सिनेमा बघण्याजोगा आहे का, हे आधी कसं ओळखायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गणपतीत देवगडच्या घरी मुंबईची सगळी मंडळी येतात, रात्री भजन आटोपलं की पोरं टीव्हीसमोर ठाण मांडतात आणि कधी नावही न ऐकलेले सिनेमे शोधून काढतात. कुठे समुद्रातला राक्षस, कुठे जमिनीखालच्या अळ्या, अर्धा विनोद, अर्धी भीती. गुण दहापैकी पाच-सहा. यावर दीड-दोन तास घालवावेत का, हे लावण्याआधीच कसं कळायचं?

गुणांवर मुळीच जाऊ नका. घाबरायला म्हणून बसलेल्या माणसाला हसू आलं की तो दोन गुण देऊन मोकळा होतो. हसायला बसलेल्याला रक्त दिसलं की त्याचं डोकं फिरतं. या दोघांच्या सरासरीतून सिनेमाबद्दल काही म्हणता काही कळत नाही.

मी बघतो ते एवढंच: त्या जनावराला काही नियम घालून दिलाय का, आणि तो शेवटपर्यंत पाळलाय का? ते कशावर जगतं, कशाने मरतं, कुठे येऊ शकत नाही? हे पक्कं असेल तर हसू आणि भीती दोन्ही तिथूनच निघतात. मधेमधे विनोद पेरत बसावं लागत नाही.

'ग्रॅबर्स' (२०१२) घ्या. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळचं एक छोटं बेट, मासेमारीवर जगणारं. समुद्रातून रक्त पिणारी, लांब सोंडांची जनावरं येतात. गावातला एक पक्का बेवडा त्यांच्या तावडीतून वाचतो आणि मग उलगडा होतो की दारू मिसळलेलं रक्त त्यांना चालत नाही. जगायला त्यांना रक्ताबरोबर पाणीही लागतं. म्हणजे एरवी ती किनाऱ्यालगत राहतील, पण वादळ येतंय, रात्रभर पाऊस पडणार, आणि पावसात ती बेटावर कुठेही फिरू शकतील. वादळात बेट सोडून जायची सोय नाही. मग पोलीस काय करतात? खरं कारण न सांगता सगळ्या गावाला दारूच्या गुत्त्यात गोळा करून फुकट पाजतात! एरवी बाटली न सोडणाऱ्या पोलिसाला त्या रात्री शुद्धीत राहावं लागतं, आणि कधी न झिंगलेली त्याची सहकारी पार झिंगते. बघा, एका नियमातून किती निघालं. लोक जितके जास्त पितील तितके सुरक्षित, पण तितकेच बिनकामाचे. हसता हसता पोटात गोळा येतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बघत वाढलेल्या आपल्या माणसाला त्या पावसाचं भय वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

'ट्रेमर्स' (१९९०) तसाच. नेवाडातल्या वाळवंटात मूठभर वस्तीचं गाव, जमिनीखालून येणाऱ्या अजस्र अळ्या, आणि पडेल ते काम करून पोट भरणारे दोन गडी. अळ्यांना डोळे नाहीत, पावलांच्या हादऱ्यावरून त्या माग काढतात. म्हणून खडकावर उभं राहिलं की जीव वाचतो, पण खडकावर राहायचं किती वेळ? पुढे अळ्या हुशार होत जातात, तरी नियम मोडत नाहीत. म्हणूनच माणसांना दर वेळी नवी शक्कल लढवावी लागते. थिएटरात हा बेताचाच चालला, नंतर व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी उचलून धरला. वाळवंटातला असूनही तो आमच्या घरात सगळ्यांचा लाडका आहे.

आपल्याकडे हे नवीन नाही. जत्रेतल्या दशावतारात आख्यानाआधी संकासुर येतो, नखशिखांत काळा, वेद चोरणारा दैत्य. आणि तोच मालवणीत बोलून सगळ्या मांडाला हसवतो. पुढे बसलेली पोरं हसतात आणि तो जवळ आला की आईच्या पदराआड जातात. त्याला विष्णू मारणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी कुणी उठून जात नाही. 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचू, रामदास पाध्यांचा तो बाहुला, याच जातीचा. 'मुंज्या' (२०२४) तर आपल्या कोकणातलाच. तो रक्ताच्या नात्यातल्यालाच दिसतो, आणि त्यातली निम्मी गंमत इतरांना तो दिसत नाही यातूनच येते.

आता सिनेमा लावण्याआधी काय करायचं? नाराज लोकांचे अभिप्राय वाचा, कौतुकाचे नकोत. 'जनावर फारच कमी दिसतं' अशी तक्रार असेल तर खुशाल लावा. 'जॉज' (१९७५) च्या वेळी यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून तो कमी दाखवावा लागला, आणि त्यानेच सिनेमा तरला. 'गोष्ट अगदीच अशक्य आहे' ही तक्रारही सोडून द्या, अशक्य असणारच. पण 'शेवटी काहीही होतं', 'ते अचानक उडायलाच लागलं' असं दोघा-तिघांनी लिहिलं असेल तर तो सिनेमा बाजूला ठेवा.

तरी शंका राहिली तर पहिली वीस मिनिटं बघा. जनावर अजून आलेलं नसतं. समोरची माणसं काही कामधंदा करतायत का? त्यांची आपसात भांडणं, उधाऱ्या, रुसवेफुगवे आहेत का? जनावर आलंच नाही तरी यांच्याबरोबर बसावंसं वाटत असेल तर पुढे जा. नुसती मरायला आणलेली माणसं लगेच ओळखू येतात.

आणि मुद्दाम वाईट बनवलेले सिनेमे, वावटळीतून शार्क पडतात वगैरे, ते मला अजिबात पटत नाहीत. बनवणाऱ्यालाच आपल्या माणसांच्या जिवाची पर्वा नसेल तर आपण का करायची?

घरात लहान मुलं आहेत म्हणून एक सांगतो. 'ग्रॅबर्स' मध्ये मुंडकी उडतात आणि दारूचा पूर आहे, तो मुलं झोपल्यावर लावा. 'ट्रेमर्स' बारा-तेरा वर्षांच्या पुढच्यांना चालेल. मुलांसाठी म्हणून सगळे 'ग्रेमलिन्स' (१९८४) सुचवतात. नियमांच्या बाबतीत तो चोख आहे: त्यातल्या छोट्या जनावरांना उजेड नको, पाणी नको, मध्यरात्रीनंतर खायला द्यायचं नाही. पण त्यात आई स्वयंपाकघरात त्यातल्या एका जनावराला मिक्सरमध्ये आणि दुसऱ्याला मायक्रोवेव्हमध्ये संपवते. अमेरिकेतल्या पालकांनी तेव्हा इतकी ओरड केली की त्याच वर्षी तिथे तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी सावधगिरीचा वेगळा दर्जा सुरू झाला. तेव्हा तेवढा प्रसंग मोठ्यांपैकी कुणीतरी आदल्या दिवशी बघून घ्या आणि मगच छोट्यांना बसवायचं की नाही ते ठरवा.