प्रश्न पाठ आहेत, तरी मॉड्यूल सुटत नाही

ताई, नमस्कार.

तुम्ही नाशिकच्या सिडकोतून पाठवलेलं पत्र मिळालं. मुलगा बारावी सायन्सनंतर बाहेरगावी एएमईच्या, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याच्या कोर्सला आहे, बी-१.१, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या शाखेला. तिथे प्रत्येक विषयाच्या पेपरला मॉड्यूल म्हणतात; त्याची मॉड्यूल ८ आणि १० सुटली, पण मॉड्यूल ७ दोनदा राहिलं. पहिल्यांदा ६८ टक्के, नंतर ७१. कुणाकडून तरी विकत घेतलेला प्रश्नसंच त्याला तोंडपाठ आहे. त्याचे वडील अंबडच्या कारखान्यात टर्नर आहेत. ते म्हणतात, हे सोड आणि ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत लाग. मुलगा म्हणतो, अमेरिकेची परीक्षा ७० टक्क्यांना सुटते, तीच देतो. आणि तुमचा प्रश्न असा की पोराचं डोकंच कमी पडतंय का?

डोकं कमी पडत नाहीये, अभ्यासाची वाट चुकली आहे. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, या परीक्षेत प्रत्येक मॉड्यूलला ७५ टक्के लागतात. ७१ पर्यंत पाठांतराने पोचला असेल, तर उरलेले चार टक्के त्याला आणखी पाठांतर करून मिळणार नाहीत.

आधी ओझरचं बोलू, कारण नाशकात घरोघरी हा घोळ आहे. एचएएलचा ओझरचा कारखाना १९६४ पासूनचा. मिग, सुखोई आणि आता तेजस, ही सगळी लढाऊ विमानं. तिथेच हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. लष्करी विमानांच्या कामाला डीजीसीएचं लायसन लागत नाही, त्यांची तपासणीची यंत्रणा वेगळी असते. एचएएलची अप्रेंटिसशिप चांगलीच आहे, पण ती आयटीआय, डिप्लोमावाल्यांची वाट, आणि अप्रेंटिसशिप झाली म्हणजे नोकरी पक्की असं नसतं. तुमच्या मुलाचं लायसन प्रवासी विमानांसाठी आहे. त्याचं काम मुंबईला, नागपूरच्या मिहानला, देशातल्या कुठल्याही मोठ्या विमानतळावर. २०२४ मध्ये एचएएलने नाशकातच ए-३२० जातीच्या प्रवासी विमानांची देखभाल सुरू करण्यासाठी एअरबसशी करार केला. ते काम उभं राहील तेव्हा लायसनवाल्यांची गरज इथेही पडेल. मात्र त्या भरवशावर आज बेत आखू नका.

अमेरिकेच्या परीक्षेचं थोडक्यात. तिथे जनरल, एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) असे तीन लेखी पेपर असतात आणि पास व्हायला ७० टक्के लागतात, हे खरं. पण पुढे तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा असते. एअरफ्रेम-पॉवरप्लांट दोन्ही हवं असेल आणि तिथल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकलेला नसेल, तर ३० महिन्यांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. शिवाय बाहेर देशातल्या माणसाला अमेरिकेत नोंदलेल्या विमानांच्या कामासाठी हे प्रमाणपत्र गरजेचं आहे, हे पटवून द्यावं लागतं. एवढं करूनही त्या कागदावर भारतात नोंदलेल्या विमानाला सही करता येत नाही. सध्या तो विषय बंद करा. फक्त एफएएची, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याची, याच तीन नावांची हँडबुकं फुकट उतरवून घ्या. चित्रांसाठी आणि समजण्यासाठी ती फार उपयोगी आहेत.

पुढचं मुलालाच वाचायला द्या.

बाळा, मॉड्यूल ७ म्हणजे मेंटेनन्स प्रॅक्टिसेस. हत्यारं, मोजमापं, ड्रॉइंग, फिट आणि क्लिअरन्स, रिव्हेटिंग, केबल, बेअरिंग, वजन आणि तोल. हे वाचून येत नाही, हाताने येतं. एक प्रश्न घे. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक पीळ देणारा पाना, १० इंचांचा. पुढे सरळ रेषेत २ इंचांचा अडॅप्टर लावलाय. नटाला ३०० इंच-पाउंड टॉर्क हवाय, तर रेंचवर किती लावशील? प्रश्नसंचावरून तुला २५० हे उत्तर आठवेल. पण परीक्षेत १५ आणि ५ इंच आले तर? आणि हवा असलेला टॉर्क ३६० असला तर? भुज लांब झाला की तेवढ्याच जोराने नटाला जास्त पीळ बसतो, म्हणून रेंचवर कमी लावायचं: ३०० गुणिले १०, भागिले १२. तसंच ३०० वर ठेवलंस तर नटाला ३६० बसतील. हे एकदा समजलं की आकडे कसेही बदलू देत, तू अडकणार नाहीस. एका प्रश्नाला सरासरी सव्वा मिनिट मिळतं. तेवढ्या वेळात आठवत बसण्यापेक्षा मांडून सोडवणं लवकर होतं.

हे मार्कांपुरतं नाही, म्हणून एक खरी घटना सांगतो. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या एका बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॉकपिटची काच हवेत निघून गेली. कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला आणि सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं म्हणून वाचला. ती काच नुकतीच बदललेली होती. ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंचाने बारीक निघाले आणि उरलेले सहा आखूड. बसवणाऱ्या अनुभवी माणसाने पार्ट्स कॅटलॉग न उघडता जुन्या बोल्टशेजारी नवा धरून डोळ्यांनीच जुळवला होता. बोल्टचा नंबर मॉड्यूल ६ मध्ये येतो, बसवण्याची पद्धत ७ मध्ये आणि 'मला ठाऊक आहे, बघायची गरज नाही' ही माणसाची खोड ९ मध्ये. तू ते तीन वेगळे विषय म्हणून वाचतोयस. विमानावर ते एकाच रात्री, एकाच माणसाच्या हातात येतात, आणि उद्या खाली सही तुझी असेल.

आता तुझा खरा शिक्षक. घरात टर्नर असताना तू मायक्रोमीटरचे प्रश्न पाठ करतोस, हे मला पटत नाही. मायक्रोमीटरची झिरो एरर, व्हर्निअरचं रीडिंग, शाफ्ट आणि बोअरमधला फिट, ड्रॉइंगवरचे टॉलरन्स हे तुझे वडील रोज करतात. सुट्टीला घरी आलास की त्यांच्यासमोर बस. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांना कारणासकट समजावून सांग, आणि जिथे ते म्हणतील 'असं का?' तिथे पुस्तक उघड. अभ्यासक्रमात प्रत्येक मुद्द्यापुढे १, २ किंवा ३ अशी पातळी दिलेली असते. ३ म्हणजे खोलात जाऊन येणं. तुझ्या शाखेला हत्यारांचा मुद्दा ३ वर आहे, तिथून सुरुवात कर. इंग्रजीचा धाकही सोड. मॅन्युअल आयुष्यभर इंग्रजीतच वाचायचंय, तेव्हा रोज दोन पानं मोठ्याने वाच आणि मराठीत सांगून बघ.

ताई, एक गोष्ट आधीच कानावर घालतो. सगळी मॉड्यूल सुटली की लगेच लायसन हातात पडत नाही. मान्यताप्राप्त संस्थेतून केलं तरी बी-१.१ ला चालू विमानांवरचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि त्यानंतर प्रत्येक विमानप्रकाराचं वेगळं ट्रेनिंग. म्हणून संस्थेला डीजीसीएची सीएआर-१४७ (प्रशिक्षण संस्थांसाठीचा नियम) मान्यता आजही चालू आहे का, हे पुढचा हप्ता भरायच्या आधी डीजीसीएच्याच यादीत बघून घ्या. प्रात्यक्षिक कुठे आणि कुठल्या विमानांवर देणार, तेही लेखी मागा. टाळाटाळ झाली तर हप्ता थांबवा.

येत्या सत्राला त्याने मॉड्यूल ६ आणि ७ एवढेच फॉर्म भरावेत. दोन्हींचा बराच भाग एकमेकांत गुंतलेला आहे. १५ चा गॅस टर्बाइन त्यानंतर, निवांत घ्यावा. निकाल आला की टक्के कळवा, आणि कुठल्या मुद्द्यावर अडला तेही.