कुलूप कंत्राटदाराचे, बोजा बँकेचा, भरपाई कोणाची?

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गटापैकी 32 गुंठे जमीन राष्ट्रीय महामार्गासाठी जात असून संपादन जाहीर करणारी 3-डी अधिसूचना प्रसिद्ध झाली आहे, भरपाई ठरवणारा निवाडा अजून व्हायचा आहे. याच 32 गुंठ्यांत बँकेकडे जमीन गहाण ठेवून बांधलेले माझे गोदाम आहे. कर्जाचे सुमारे 14 लाख रुपये बाकी असून सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा आहे. कोब्याला भेगा गेल्यामुळे मी कंत्राटदाराचे 6 लाख 40 हजार रुपये थांबवले होते. 500 रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेल्या करारात ‘बिल चुकते होईपर्यंत गोदामावर कंत्राटदाराचा हक्क राहील’ असे वाक्य आहे. त्याच्या आधारे त्याने गोदामाला कुलूप लावले, ‘लियन’ (येणे मिळेपर्यंत मालमत्ता अडवून धरण्याचा हक्क) असल्याची नोटीस धाडली आणि भूसंपादन कार्यालयात हरकत घेतली. निम्मी भरपाई देण्याचे संमतीपत्र दिल्यास हरकत मागे घेतो, असे तो म्हणतो. संयुक्त मोजणीलाही गोदाम बंदच होते. सही करावी का?

उत्तर : सही करू नका. कंत्राटदाराचे येणे खरे असू शकेल, परंतु ते तुमच्याकडून येणे आहे. गोदामाच्या भरपाईत त्यामुळे त्याचा वाटा निर्माण होत नाही.

बांधकामाचे बिल थकले की त्या इमारतीवरच कंत्राटदाराचा कायदेशीर भार बसतो, अशी तरतूद अमेरिकेत आहे आणि तिची सुरुवात मेरीलँडमध्ये 1791 साली झाली. नोटीस लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा तोच कायदा असावा, कारण आपल्याकडे तशी तरतूद नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 170 मधील धारणाधिकार हा दुरुस्तीसाठी वा काम करण्यासाठी सोपवलेल्या मालावर असतो, म्हणजे शिंप्याला शिलाई मिळेपर्यंत कपडा अडवता येतो. जमीन व तिच्यावरील पक्के बांधकाम यांना तो लागू नाही. स्थावर मिळकतीवर भार निर्माण करायचा तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 100 चा आधार घ्यावा लागतो, आणि पक्षकारांनी लेखाने असा भार निर्माण केला तर शंभर रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या हक्कासाठी तो लेख नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 प्रमाणे नोंदवणे आवश्यक असते. नोटरीचा शिक्का ही नोंदणी नव्हे. त्यामुळे करारातील ते वाक्य गोदामावर भार म्हणून टिकणार नाही. मात्र काम झाले आणि पैसे ठरले होते, हे दाखवण्यासाठी तोच कागद कंत्राटदाराच्या उपयोगी पडेल, हे विसरू नका.

बँकेची गोष्ट वेगळी आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 च्या कलम 3-डीखालील घोषणेमुळे जमीन सर्व भारांपासून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे निहित होते, पण म्हणून बँकेचा हक्क संपत नाही, तो जमिनीवरून पैशावर सरकतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 73 नुसार गहाणदाराला, म्हणजे इथे बँकेला, सक्तीच्या संपादनाच्या भरपाईतून आपले येणे मागता येते, आणि मुद्दलाची मुदत भरलेली नसली तरीही मागता येते. म्हणून बँकेला टाळण्यात अर्थ नाही. शाखेत स्वतः जा, आजअखेरच्या येणेबाकीचे पत्र घ्या आणि तेवढीच रक्कम परस्पर कर्जखात्यात व उरलेली तुमच्या खात्यात जमा करावी, असा उभयतांच्या सहीचा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याला, म्हणजे भूसंपादन अधिकाऱ्याला, द्या. उरलेल्या गटावरचा बोजा कमी करण्याचे पत्रही त्याच वेळी मागून ठेवा. नंतर त्यासाठी तलाठी कार्यालयाचे हेलपाटे पडतात.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत चिंताजनक वाटलेली बाब मात्र तुम्ही ओझरती लिहिली आहे, आणि ती म्हणजे मोजणीच्या दिवशीचे कुलूप. पंचनाम्यात ‘इमारत कुलूपबंद, बाहेरून पाहणी’ असा शेरा असेल, तर मूल्यांकन पत्रे आणि भिंतींचेच होईल. आतला पोटमाळा, कोबा, विजेची जोडणी, मालाचा उंचवटा हे सारे कागदावर येणारच नाही. 28 ऑगस्ट 2015 च्या केंद्राच्या आदेशानुसार 2013 च्या भूसंपादन कायद्याची पहिली अनुसूची महामार्गांच्या संपादनालाही लागू आहे, आणि त्या अनुसूचीप्रमाणे जमिनीवरील मालमत्तेच्या मूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. त्यामुळे गोदाम एक लाखाने कमी धरले गेले, तर तुमचे दोन लाख जातात. पंचनाम्याची प्रत तातडीने मिळवा, बांधकामाचे नकाशे, बिले आणि आतील छायाचित्रे जोडून फेरपाहणीचा लेखी अर्ज निवाड्यापूर्वीच द्या आणि त्या दिवशी किल्लीसह हजर राहण्याची सूचना कंत्राटदाराला द्यावी, अशी विनंती त्यातच करा. कुलूप स्वतः तोडू नका. जमीन आता सरकारकडे निहित झाली असल्याने ताब्याचा दावा लावण्यातही वेळ जाण्यापलीकडे काही साधणार नाही.

आता हरकतीविषयी. रकमेवर अनेकांनी हक्क सांगितल्यास कोण पात्र आहे ते महामार्ग अधिनियमाच्याच कलम 3-एच(3) खाली सक्षम प्राधिकारी ठरवतो. वाटपाचाच वाद असेल तर 3-एच(4) प्रमाणे तो मूळ अधिकारितेच्या प्रमुख दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने विनोदकुमार प्रकरणात 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. तुमचे म्हणणे असे असावे की हा वाटपाचा वाद नसून साध्या येण्याचा वाद आहे, कारण कंत्राटदाराचा जमिनीत वा इमारतीत कोणताही हितसंबंध नाही. तरीही, अधिकारी अंगाशी येऊ नये म्हणून प्रकरण न्यायालयाकडे ढकलतात, असा अनुभव आहे. त्यासाठी पर्यायी विनंती आधीच लिहून ठेवा, ती अशी की फार तर 6 लाख 40 हजार रुपये न्यायालयात जमा करावेत आणि बाकीची रक्कम अडवू नये. भरपाईचा आकडा मान्य नसेल तर लवादाकडे जाण्याचा मार्ग 3-जी(5) मध्ये आहे. रक्कम उचलताना ‘हरकत राखून’ असे लिहायला विसरू नका.

कंत्राटदाराचा खरा मार्ग दिवाणी दाव्याचा आहे. त्यात तो निकालापूर्वीच तुमची भरपाई जप्त करण्याचा अर्ज करील, पण बिनतारणी कर्जाचे तारणी कर्जात रूपांतर करण्यासाठी ही जप्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रामन टेक प्रकरणात 2008 मध्ये बजावले आहे. केलेल्या कामाच्या मोबदल्याच्या दाव्याला, पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर, काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. काम केव्हा संपले ते तुम्ही लिहिलेले नाही. मुदतीच्या आत येणे लेखी कबूल केले तर ती नव्याने सुरू होते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘भरपाई आली की देतो’ हा निरोपही कबुली म्हणून पुढे केला जाऊ शकतो. माझे स्वतःचे मत विचाराल तर, कोबा दुरुस्तीचा खर्च अभियंत्याकडून लिहून घेऊन तो वजा जाता उरेल ती रक्कम देऊन टाकणे रास्त ठरेल. पण ते वेगळ्या तडजोडपत्राने, भरपाईचा उल्लेखही न करता, हरकत लेखी मागे घेतल्याची पोच आणि गोदामाची किल्ली हाती आल्यावरच. तोपर्यंत नोटिशीला उत्तर वकिलामार्फतच जाऊ द्या.