सैद्धांतिक कणभौतिकीत पीएचडी करणारे दिवसभर नेमकं करतात काय?

तुमची भाची एमएस्सी करून थिअरॉटिकल पार्टिकल फिजिक्समध्ये पीएचडीला निघाली आहे, आणि यंत्र नाही, लॅब नाही, मग ही मंडळी पाच-सहा वर्षं करतात तरी काय, असा तुमचा प्रश्न. मी सध्या तेच करतोय, म्हणून सांगतो.

नवे कण कल्पून सिद्धांत मांडणं हा त्यातला छोटा भाग. (बातम्या मात्र त्याच्याच होतात.) बहुतेक वेळ जातो तो आहे त्याच सिद्धांतातून एखादा आकडा धड काढण्यात. मूलभूत कण आणि त्यांच्यातली बलं सांगणारा सिद्धांत, म्हणजे स्टँडर्ड मॉडेल, १९७०च्या दशकात उभं राहिलं, त्याचं समीकरण टी-शर्टवर छापून विकतात. पण त्यातून उत्तर काढायला बसलं की घाम फुटतो.

माझा विषय म्यूऑनच्या चुंबकत्वाशी जोडलेला आहे. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ: वजनाला २०७ पट, आयुष्य मात्र सरासरी २.२ मायक्रोसेकंद. त्याच्या चुंबकत्वाचा g नावाचा आकडा, इलेक्ट्रॉनसारख्या कणांचं वर्णन करणाऱ्या डिरॅकच्या समीकरणानुसार, बरोबर २ यायला हवा. प्रत्यक्षात तो किंचित जास्त भरतो, कारण इतर कण क्षणभर उपटून त्याच्या वागण्यात ढवळाढवळ करतात. आमचा सगळा जीव या किंचितमध्ये. १९४८ मध्ये श्विंगर या भौतिकशास्त्रज्ञानं त्यातली पहिली दुरुस्ती काढली, तिला एक फाइनमन डायग्रॅम (कणांमध्ये काय घडू शकतं त्याचं चित्र, ज्यावरून आकडेमोड होते) पुरला. पुढे किनोशिता हे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी अशा दुरुस्त्यांच्या पाचव्या पायरीपर्यंत गेले, तेव्हा डायग्रॅम झाले १२,६७२.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेनं मोजलेला आकडा आणि सिद्धांताचा आकडा जुळेना, तेव्हा नवं भौतिकशास्त्र सापडलं म्हणून गाजावाजा झाला. पुढे सरकला तो सिद्धांताचाच आकडा. २०२५ मध्ये सुपरकॉम्प्युटरवरची लॅटिस गणितं (अवकाश-काळाचं जाळं कल्पून केलेली) धरून नवी किंमत जाहीर झाली आणि तफावत जवळजवळ गायब. त्याच वर्षी फर्मीलॅबचं शेवटचं मोजमाप आलं, शंभर कोटींत १२७ भाग इतकं अचूक. सिद्धांताची अनिश्चितता अजून त्याच्या चौपटीहून जास्त आहे. म्हणजे मोजणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं, अडलंय ते आमच्याकडे.

लॅटिसखेरीज एक जुनी वाट आहे: इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा उलट्या भाराचा जोडीदार) आदळून पायॉन या क्वार्कपासून बनलेल्या कणांची जोडी किती वेळा निघते ते मोजायचं आणि त्यावरून म्यूऑनच्या g चं गणित करायचं. पण २०२३ मध्ये रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या प्रयोगाचे आकडे आधीच्या प्रयोगांशी जुळले नाहीत. का, हे अजून कुणाला पक्कं सांगता आलेलं नाही. या टकरींत फोटॉनही बाहेर पडतात, काही डिटेक्टरला दिसतच नाहीत, त्यांचा हिशेब आधी मांडून ठेवावा लागतो. मी तो हिशेब करतो.

तो करताना वाटेत अनंत येतं. म्हणून अवकाश-काळाच्या मितींची संख्या चारऐवजी चार वजा दोन एप्सिलॉन धरायची (एप्सिलॉन म्हणजे अगदी छोटी संख्या). मग ते अनंत 'एक भागिले एप्सिलॉन' अशा पदांत गोळा होतं. फोटॉन बाहेर न पडणाऱ्या डायग्रॅममधली ही पदं फोटॉन बाहेर पडणाऱ्या डायग्रॅममधल्या पदांशी कटली पाहिजेत. शिवाय क्साय नावाचा एक गेज पॅरामीटर (गणित कसं मांडायचं ते ठरवणारा आकडा) मुद्दाम मोकळा ठेवायचा. तो निव्वळ सोयीचा असतो, निसर्गाला त्याचं सोयरसुतक नाही. शेवटच्या ओळीत क्साय शिल्लक राहिला तर कुठेतरी घोळ आहे, आणि तो शोधण्यात आठवडे जातात. पानंच्या पानं लांब पदावली हाताने होत नाही. फॉर्म नावाचा प्रोग्रॅम आणि मॅथमॅटिका लागतात. प्रोग्रॅमवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. २००१ मध्ये याच म्यूऑनच्या गणितात एका भागाचं चिन्ह उलटं निघालं. फॉर्ममधला एक चिन्हसंकेत नजरेतून सुटला होता. अधिक-उणे सुधारल्यावर तेव्हाची तफावत बरीच आटली. मला विचाराल तर या क्षेत्रातली सगळ्यात थरारक गोष्ट हीच.

बाकी दिवस साधा असतो. आर्काइव्ह या वेबसाइटवर नवे शोधनिबंध भारतात भल्या पहाटे येतात, ते सकाळी चाळायचे. मग फळ्यासमोर गाइडशी वाद, सेमिनार, चहा, पुन्हा कोड.

पैशांचंही विचारलंत. प्रवेश जेस्ट, नेट या देशपातळीवरच्या परीक्षांतून किंवा टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेच्या स्वतःच्या परीक्षेतून होतो. केंद्राची फेलोशिप २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, वर घरभाडं. पीएचडीनंतर दोन-तीन पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाच्या तात्पुरत्या नोकऱ्या, बहुधा परदेशात, आणि तरीही प्राध्यापकाची जागा मिळेलच असं नाही. बरेच जण बँकांत किंवा डेटा सायन्समध्ये जातात, आणि तिथे कामाला येतं ते कोडिंग. म्हणून क्वांटम फील्ड थिअरी या आमच्या मूळ विषयाबरोबर तिला सी प्लस प्लस आणि पायथॉन आत्ताच पक्कं करायला सांगा. आणि गाइड ठरवण्याआधी त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, ते त्या विद्यार्थ्यांनाच मेल करून विचारू दे. बहुतेक जण मोकळेपणानं लिहितात.