२००८ मध्ये ॲस्पर्गर निदान झालं होतं, आता ते रद्द झालं का? परत टेस्ट करावी लागेल?

नाही, तुमचं निदान रद्द झालेलं नाही, फक्त त्याचं नाव आता ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर झालंय. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाची पुस्तिका) ॲस्पर्गर, ऑटिस्टिक डिसऑर्डर, पीडीडी-एनओएस (ऑटिझमसारखी लक्षणं, पण नेमक्या प्रकारात न बसणारी) हे सगळे एकत्र केले, कारण तोच माणूस एका क्लिनिकमध्ये ॲस्पर्गर ठरायचा आणि दुसरीकडे पीडीडी-एनओएस, आणि त्यातच स्पष्ट लिहिलंय की ज्यांचं जुनं निदान नीट झालेलं आहे त्यांना स्पेक्ट्रमचंच निदान द्यायचं, म्हणजे नुसतं नाव बदललं म्हणून परत टेस्टची गरज नाही. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही (२०२२ पासून लागू) ॲस्पर्गर ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच धरलंय.

स्वतःला काय म्हणायचं ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा. वर्षानुवर्षं ज्या शब्दाने स्वतःची ओळख पटली तो कोणी हिसकावून घेऊ शकत नाही, आणि काहीजण हान्स ॲस्पर्गरचे (ज्या डॉक्टरच्या नावावरून हा शब्द आला) नाझी राजवटीशी असलेले संबंध २०१८ मध्ये पुराव्यानिशी समोर आल्यावर तो शब्द सोडून देतात, तेही अगदी बरोबरच वाटतं मला.

फक्त भारतात दिव्यांग प्रमाणपत्र हवं असेल तर जुना रिपोर्ट पुरत नाही, सरकारी तपासणी करावीच लागते, कारण ते प्रमाणपत्र सरकारने नेमलेले अधिकारीच तपासून देतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही नाव ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर असंच आहे. जुना रिपोर्ट सोबत न्या.