‘ॲग्रॅव्हेट’ म्हणजे वैताग आणणे की बिघडवणे? हा शब्द आला कुठून?

दोन्ही अर्थ बरोबर आहेत. कोणता घ्यायचा ते कर्मावरून ठरतं. कर्म दुखणं, भांडण, टंचाई असं काही असेल तर अर्थ ‘आधीच वाईट असलेलं आणखी बिघडवणे’. जिना चढल्याने गुडघेदुखी ‘ॲग्रॅव्हेट’ होते असं डॉक्टर म्हणतात, तिथे आपला नेमका शब्द ‘बळावते’. कर्म माणूस असेल तर ‘वैताग आणणे’. पहिल्या अर्थाला मुळात काहीतरी त्रास असावाच लागतो; नफा किंवा आनंद ‘ॲग्रॅव्हेट’ होत नाही.

उगम लॅटिनमध्ये आहे: ‘अद्’ हा उपसर्ग आणि ‘ग्राविस’, म्हणजे जड. सत् + जन याचं सज्जन होतं, तसाच इथे द् चा ग् झाला. म्हणून स्पेलिंगमध्ये दोन जी येतात. त्यातला एक हमखास गाळला जातो.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती पुढची. ‘ग्राविस’ आणि संस्कृत ‘गुरु’ (जड) हे एकाच आदिम इंडो-युरोपीय (संस्कृत, लॅटिन, ग्रीक यांची पूर्वज भाषा) धातूतून आलेले शब्द आहेत. ‘ग्रॅव्हिटी’ला आपण गुरुत्व म्हणतो, तेव्हा दूरची भावंडंच भेटतात. ग्रीक ‘बारुस’ही त्याच घरातला, त्यावरून बॅरोमीटर. दुःख या अर्थाचा ‘ग्रीफ’सुद्धा. मात्र ‘ग्रेव्ह’ म्हणजे कबर हा शब्द यातला नाही. तो खणण्याच्या जर्मानिक धातूवरून आला.

सोळाव्या शतकात ‘ॲग्रॅव्हेट’ हा शब्द इंग्रजीत आला तो वजन वाढवणे, आरोप अधिक जड करणे अशा अर्थांनी. कायद्यात तो अर्थ अजून टिकून आहे: 2012 च्या पॉक्सो (बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम 5 मध्ये, गुन्हा करणारा पोलीस किंवा लोकसेवक असेल तर लैंगिक अत्याचार ‘ॲग्रॅव्हेटेड’ ठरतो आणि शिक्षा वाढते.

माणसाला वैताग आणण्याचा अर्थ सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतो. एकोणिसाव्या शतकात शुद्धतावाद्यांनी तो चुकीचा ठरवला, पण इतक्या जुन्या वापराला चूक म्हणणं मला पटत नाही. बोलताना खुशाल वापरा. वैद्यकीय अहवालात किंवा कायद्याच्या मजकुरात मात्र माणसासाठी ‘इरिटेट’ किंवा ‘अनॉय’ लिहा, नाहीतर रुग्ण वैतागला की आजार बळावला, हे वाचणाऱ्याला कळत नाही.