वाचकांचे प्रश्न : मॉडेल तेच, मग ड्रायव्हर का चालेना?

प्रश्न : जुना यूएसबी वाय-फाय अडॅप्टर लिनक्सवर व्यवस्थित चालतो. त्याच मॉडेलचा नवा आणला, तर तो त्याच ड्रायव्हरवर उठतच नाही. असं का?

उत्तर : मॉडेलचं नाव तेच ठेवून आतली चिप बदललेली असू शकते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे याचं ठळक उदाहरण. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. खोक्यावर काय छापलंय याच्याशी संगणकाला देणंघेणं नसतं, तो यूएसबी आयडी वाचतो. टर्मिनलवर ‘एलएसयूएसबी’ ही कमांड द्या. ०सीएफ३:९२७१ दिसलं तर एटीएच९के_एचटीसी हा ड्रायव्हर आणि त्याची फर्मवेअर (चिपवर चालणारा प्रोग्राम) फाइल लागते. २३५७:०१०सी दिसलं तर रिअलटेकचा ड्रायव्हर. विंडोजवर हेच आकडे डिव्हाइस मॅनेजर, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज इथे मिळतात. विकत घेताना मागच्या लेबलावरची आवृत्ती आधी वाचा.

प्रश्न : आम्ही यूएसबी डेटा लॉगर (मोजलेले आकडे नोंदवणारं उपकरण) बनवतो. नव्या बोर्डावर चिप वेगळी आहे. व्हीआयडी-पीआयडी (यूएसबी आयडीतले कंपनीचा आणि उत्पादनाचा क्रमांक) जुनेच ठेवले तर चालतील का?

उत्तर : जुना ड्रायव्हर नव्या बोर्डाशी एकही चूक न करता बोलत असेल तर ठेवा, आणि डिव्हाइस डिस्क्रिप्टरमधला (उपकरण संगणकाला स्वतःची जी ओळख देतं त्यातला) ‘बीसीडीडिव्हाइस’ हा आवृत्तीचा आकडा तेवढा वाढवा. पॅकेटची रचना किंवा कमांड बदलल्या असतील तर मात्र नवा पीआयडीच द्या. इथे काटकसर अजिबात नको. ग्राहकांच्या संगणकावर आधीच बसलेला ड्रायव्हर बहुधा व्हीआयडी-पीआयडी एवढंच पाहतो. आवृत्ती कितीही वाढवा, तो नव्या बोर्डालाही आपलंच समजून उचलतो. मग लॉगर सुरू झालेला दिसतो आणि चुकीचे आकडे नोंदवत राहतो.

विंडोज आयडी जुळवताना आधी व्हीआयडी, पीआयडी आणि आरईव्ही (म्हणजे बीसीडीडिव्हाइसमधली आवृत्ती) तिन्ही पाहतं, मग पहिले दोनच, आणि शेवटी उपकरणाचा वर्ग. त्यामुळे डिजिटल सही केलेल्या नव्या ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये (ड्रायव्हर कोणत्या आयडींसाठी आहे हे सांगणारी फाइल) आरईव्हीसह ओळ असली, तर तशाच सहीच्या जुन्या ड्रायव्हरपुढे ती वरचढ ठरते. लिनक्समध्ये ड्रायव्हरच्या कोडमध्ये ‘यूएसबी_डिव्हाइस_व्हर’ हा मॅक्रो (तयार कोडचा तुकडा) वापरून आवृत्तीची खालची-वरची मर्यादा घालता येते. आवृत्ती दशमान अंकांतच लिहायची : ०२०९ नंतर ०२१०, ०२०ए नव्हे.

आणखी एक ठिकाण, जिथे चाचणीत दिवस वाया जातात. फर्मवेअरमध्ये विनयूएसबीसाठीचं (विनयूएसबी हा विंडोजमधला तयार ड्रायव्हर) मायक्रोसॉफ्ट ओएस डिस्क्रिप्टर (१.० आवृत्तीचं) नव्यानं घातलं, पण बीसीडीडिव्हाइस तोच राहिला, तर विंडोज त्याची चौकशीच करत नाही. आधी मिळालेलं ‘नाही’ हे उत्तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) ‘यूएसबीफ्लॅग्ज’खाली, व्हीआयडी-पीआयडी-आवृत्ती जोडून केलेल्या नावानं, साठलेलं असतं. आवृत्ती वाढवा, नाहीतर ती नोंद पुसून लॉगर काढून पुन्हा जोडा.